अन्ननलिका भाजते तेव्हा

संडास साफ करायचे ऍसिड, तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर किंवा कॉस्टिक सोड्याचे पाणी लहान मुलाच्या पोटात गेले, तर एका घोटानेही अन्ननलिका भाजू शकते. हे अपघात मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतात, आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा बाटलीत असते. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ऍसिड भरून मोरीत ठेवले, की मुलाच्या लेखी ते सरबतच.

ऍसिडने पेशींतली प्रथिने गोठतात आणि वर खपलीसारखा थर धरतो. त्याने इजा काहीशी अडते. कॉस्टिक सोडा मात्र पेशींतल्या चरबीचा साबण करतो, प्रथिने विरघळवत खोल उतरतो आणि अन्ननलिकेला भोकही पाडू शकतो. तोंडात एकही फोड नसताना आत जखम असू शकते. लाळ गळणे, गिळायला नकार, बसलेला आवाज आणि धाप ही लक्षणे गंभीर समजावीत.

घाबरलेल्या घरात मूल ओकावे म्हणून मिठाचे पाणी पाजले जाते. हा उपाय घातक आहे. उलटीबरोबर तोच पदार्थ त्याच वाटेने वर येतो, दुसऱ्यांदा भाजतो आणि श्वासनलिकेतही शिरू शकतो. ऍसिडवर खायचा सोडा किंवा कॉस्टिक सोड्यावर लिंबू दिल्यास उष्णता निर्माण होते. तोंड पुसून धुवावे, भिजलेले कपडे काढून कातडी भरपूर पाण्याने धुवावी आणि पोटात काहीही देऊ नये.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ वाड्यांतून नसरापूर किंवा कापूरहोळमार्गे पुणे गाठण्यात बराच वेळ जातो. म्हणून आधी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात श्वास तपासून घ्यावा. अन्ननलिकेची दुर्बिणीतून तपासणी शक्यतो 24 तासांत व्हावी लागते. त्यासाठी पुण्यातले मोठे रुग्णालय गाठावे. बाटली बरोबर न्यावी, म्हणजे पोटात काय गेले ते डॉक्टरांना कळते.

धोका तेवढ्यावर संपत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून व्रण आकसू लागतो. बरे झालेले, भाकरी खाणारे मूल पुन्हा फक्त पातळ मागू लागले, तर अन्ननलिका अरुंद होत असल्याची शंका घ्यावी. ती रुंद करायला वारंवार उपचार लागतात, कधी मोठी शस्त्रक्रियाही.

अमेरिकेत शल्यचिकित्सक शेव्हालिये जॅक्सन यांनी अशी मुले पाहून लढा दिला आणि 1927 मध्ये दाहक पदार्थांवर इशारा छापणे कायद्याने सक्तीचे झाले. बाटली बदलली की तो इशारा घरात उरत नाही. ऍसिड मूळ बाटलीतच आणि कुलपात ठेवावे.