इंका साम्राज्य आणि स्थानिक मृद्‌भांडी : खापरांवरून सत्तेचा अभ्यास

प्रास्ताविक

जिंकल्या गेलेल्या प्रजेचा इतिहास कोणत्या साधनांच्या आधारे लिहावा, हा अभ्यासकापुढील एक कठीण प्रश्न आहे. दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्याच्या बाबतीत तो अधिकच कठीण होतो. पंधराव्या शतकात पेरूमधील कुस्को नगरातून विस्तारलेले हे साम्राज्य १५३२ मध्ये स्पॅनिश आक्रमणाला सामोरे गेले, तेव्हा ते अँडीज पर्वतरांगांलगत सुमारे ४,००० किलोमीटर पसरलेले होते. तथापि इंकांना लेखनकला अवगत नव्हती. हिशेब ‘किपू’ नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांवर ठेवला जाई. उपलब्ध लिखित वृत्तांत स्पॅनिश राजवटीतील आहेत आणि त्यांपैकी अनेक कुस्कोच्या राजकुळांच्या आठवणींवर आधारलेले आहेत. प्रांतांतील सामान्य कुटुंबाविषयी ते फारसे बोलत नाहीत. त्या कुटुंबाच्या घरातील फुटकी भांडी मात्र जमिनीत टिकून राहिली. ती कशी वाचावीत, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

साम्राज्याची ओळख सांगणारे भांडे

इंका मृद्‌भांड्यांत ‘उर्पू’ नावाचा रांजण सर्वांत प्रसिद्ध आहे. ‘आरिबालो’ या नावानेही तो ओळखला जातो. निमुळता तळ, फुगीर पोट, उंच मान, बाहेर वळलेले तोंड आणि दोन बाजूंना कान अशी त्याची घडण असते. खांद्यावर प्राण्याच्या मुखासारखा लहानसा उंचवटा असतो. कानांतून ओवलेली दोरी त्याला अडकवून हा रांजण पाठीवर वाहून नेता येई. त्यात ‘चिचा’ हे मक्याचे मद्य ठेवले जाई. प्रजेकडून कर म्हणून श्रम घेतले जात आणि त्या बदल्यात राज्याकडून मेजवानी व चिचा दिली जाई. अशा प्रसंगी वाढप कोणत्या भांड्यांतून होते, यातून यजमान कोण, हे सर्वांना कळत असे. म्हणूनच हा रांजण केवळ साठवणीचे भांडे नव्हता. तो राज्यकारभाराचे एक साधन होता.

घाट, माती आणि तंत्र

उत्खननात इंका घाटाचे खापर सापडले की ते कुस्कोहून आले असावे, असा तर्क सहज केला जातो. परंतु भांड्याचा घाट, त्याची माती आणि ते घडविण्याचे तंत्र या तीन वेगळ्या बाबी आहेत. घाटावरून ते कोणत्या परंपरेचे, मातीवरून ते कोठे बनले आणि तंत्रावरून ते कोणत्या परंपरेत शिकलेल्या हातांनी घडविले, हे समजते.

टेरेन्स डी’अल्ट्रॉय व रोनाल्ड बिशप यांनी कुस्को, मान्तारो खोरे आणि तितिकाका सरोवर या प्रदेशांतील इंका घाटाच्या खापरांचे रासायनिक पृथक्करण केले. त्यातून प्रत्येक प्रदेशातील भांडी मुख्यतः त्याच प्रदेशात बनत असल्याचे दिसून आले. म्हणजे राजधानीतून प्रांतात जात होता तो भांड्याचा नमुना, भांडे नव्हे.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील चिमू प्रदेश तंत्राचे उदाहरण देतो. तेथील कुंभार साच्यांतून भांडी घडवीत आणि भट्टीतील हवा कोंडून ती काळी भाजत. इंकांनी हा प्रदेश जिंकल्यानंतर तेथे काळ्या रंगाचे, साच्यातून काढलेले उर्पू बनू लागले. घाट जेत्यांचा, पण हात आणि कसब चिमू कुंभारांचे, असे हे भांडे आहे.

मान्तारो खोऱ्यातील घरे

मध्य पेरूतील मान्तारो खोऱ्यात वांका लोक राहत. इंका विजयापूर्वी त्यांची मोठी गावे तटबंदीने वेढलेल्या टेकड्यांवर होती. १४६० च्या सुमारास हा प्रदेश जिंकला गेल्यावर बरीच वस्ती खालच्या भागात आली. हातुन शौशा हे शासकीय केंद्र उभे राहिले आणि परिसरात २,००० हून अधिक कोठारे बांधली गेली. एवढी उलथापालथ होऊनही स्वयंपाकाची भांडी मुख्यतः स्थानिक पद्धतीचीच राहिली. इंका घाटाची भांडी मात्र सामान्य घरांपेक्षा स्थानिक प्रमुखांच्या घरांत अधिक प्रमाणात आढळतात. साम्राज्य आधी प्रमुखांच्या पंगतीत पोहोचले. चुलीपर्यंत ते क्वचितच गेले.

निष्कर्ष काढताना

येथे दोन चुका टाळाव्यात. पहिली, इंका भांडी कमी आढळली म्हणजे सत्ताही दुर्बल होती, असे मानणे. मान्तारोतील कोठारे आणि स्थलांतरित वस्ती याच्या नेमके उलट सांगतात. दुसरी, इंका भांडे वापरणारा मनानेही इंका झाला, असे समजणे. १५३३ मध्ये स्पॅनिश सैन्य खोऱ्यात आले, तेव्हा याच वांका प्रमुखांनी इंकांविरुद्ध त्यांना साह्य केले. पुढे त्या साह्याचा हिशेब त्यांनी किपूंच्या आधारे लीमा येथील स्पॅनिश न्यायासनापुढे मांडला. त्यांच्या घरातील उर्पू प्रतिष्ठेची खूण होता, निष्ठेची नव्हे.

सारांश

खापर स्वतःहून साक्ष देत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचेच ते उत्तर देते. ते कोठे, कोणत्या घरात आणि कोणत्या भांड्यांसोबत मिळाले याची नोंद असेल, तरच त्यातून लिपी नसलेल्या प्रजेचे जीवन समजू शकते. एकच सुबक रांजण उचलून बाकीची ओबडधोबड खापरे टाकून दिली, तर आपल्या हाती पुन्हा राजांचाच इतिहास उरतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. घाट, माती आणि तंत्र यांवरून मिळणाऱ्या माहितीतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘शासकांची भांडी वापरणे म्हणजे शासकांशी एकनिष्ठ असणे नव्हे.’ मान्तारो खोऱ्याच्या आधारे या विधानाची चर्चा करा.