संगणकाचे मापाडी : जुने आणि नवे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओली या नावात 'दाणा' आणि 'ओळ' हे दोन शब्द मराठी कानाला सहज ओळखू येतात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि तिच्याभोवती वाढलेल्या वस्तीत मराठीच्या अशा अनेक खुणा राहून गेल्या. धान्यबाजाराचे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच मी आजच्या विषयाकडे वळतो. विषय आहे सर्व्हरमधील जुन्या-नव्या प्रोसेसरांच्या तुलनेचा. भाषेच्या अध्यापकाने या प्रांतात पाऊल टाकावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु तुलना करताना निकष कोणता लावावयाचा, हा प्रश्न साहित्याप्रमाणे येथेही कळीचा आहे.

सर्व्हर म्हणजे एकाच वेळी अनेकांची कामे करणारा संगणक. बँकेचे व्यवहार आणि रेल्वेचे आरक्षण अशाच यंत्रांवर चालते. अशी अनेक यंत्रे एकत्र जोडली की आजचा महासंगणक सिद्ध होतो. त्यात प्रत्यक्ष आकडेमोड करणारा घटक तो प्रोसेसर. बाजाराच्या भाषेत त्याला मापाडी म्हणू. कोठारातून, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतून, पोती यावीत आणि मापाड्याने ती तोलून पुढे द्यावीत. तागडी किती झपाट्याने उचलली जाते, ती झाली प्रोसेसरची घड्याळगती. बहुतेक लोक हीच गती पाहून जुन्या-नव्याचा निवाडा करतात. तो निवाडा अपुरा का ठरतो, हे पुण्याच्या उदाहरणावरून पाहू.

१९८० च्या दशकात भारताला हवा असलेला अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातून आलेले डॉ. विजय भटकर तिचे संचालक होते. १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'टी-८००' जातीचे ६४ प्रोसेसर होते. एकेकट्या प्रोसेसरची शक्ती बेताची; पोटातील स्मृती अवघी ४ किलोबाइट. परंतु प्रत्येकाला चार दुवे होते व त्यांतून तो चार शेजाऱ्यांशी बोलू शके. एक अचाट मापाडी मिळत नाही, तर चौसष्ट साधे मापाडी एका ओळीत बसवावेत, हा त्यामागील विचार.

पुढे घड्याळगती झपाट्याने वाढली. 'टी-८००' ची गती २०-३० मेगाहर्ट्झच्या घरात होती. १९९८ च्या 'परम १००००' मधील अल्ट्रास्पार्क प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झचे होते, तर २००३ मध्ये जगातील पाचशे महासंगणकांत १७१ वे स्थान मिळविणाऱ्या 'परम पद्म' मधील आयबीएमचे पॉवर-४ एक गिगाहर्ट्झचे. २००७ मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातील 'एका' या यंत्राने जगात चौथा क्रमांक मिळविला. त्यातील इंटेल झिऑन प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचे होते. आणि २०२० च्या 'परम सिद्धी' मधील एएमडी एपिक ७७४२? त्याची मूळ गती २.२५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच्या यंत्राहून कमी!

या उलट्या गतीचे कारण उष्णता. विद्युत्-कळा लहान होत गेल्या की त्यांचा वीजवापर त्याच प्रमाणात घटतो, हा नियम २००५ च्या सुमारास लागू पडेनासा झाला. गती आणखी वाढविली असती तर चिप थंड ठेवणे अशक्य झाले असते. म्हणून निर्मात्यांनी एकाच प्रोसेसरमध्ये गणना करणारे अनेक गाभे बसविले. 'एका' च्या प्रोसेसरमध्ये चार गाभे होते. 'सिद्धी' च्या तळहाताएवढ्या प्रोसेसरमध्ये ६४ आहेत. जुना एका ठोक्यात प्रत्येक गाभ्यामागे दशांश-चिन्हाच्या चार क्रिया करी, नवा सोळा करतो. गुणाकार करून पाहावा : जुन्याची कागदावरील कमाल सेकंदाला ४८ अब्ज क्रिया, नव्याची २,३०४ अब्ज, म्हणजे नेमकी ४८ पट. 'एका' मध्ये असे ३,५६० प्रोसेसर होते. तितक्या गणनेला आज कागदोपत्री सुमारे ७५ पुरतील. उष्णतेची मर्यादा मात्र नव्या प्रोसेसरला २२५ वॅट आहे, म्हणजे गाभ्यामागे साडेतीन वॅट.

तथापि येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली कोठाराच्या दाराविषयी. 'एका' च्या प्रोसेसरला स्मृतीकडून येणारी वाट सेकंदाला सुमारे साडेदहा गिगाबाइटची होती; नव्याला आठ वाटा असून त्यांची बेरीज सुमारे २०५ होते. मापाड्यांचे बळ ४८ पट झाले, दार मात्र १९ पटच रुंदावले. ज्या कामात पोती अखंड आत येत राहावी लागतात, तेथे नवे मापाडीही हात बांधून बसतात. दुसरी सूचना जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दिली होती. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही मापाडी बसविले तरी एकूण वेग दहापटीपुढे जात नाही. म्हणून तुलना करणाऱ्याने आधी आपले काम तपासावे, मग यंत्र. एखाद्या ग्रंथालयाची सूची जुन्या यंत्रावर सुखाने चालत असेल, तर केवळ 'नवे' या विशेषणासाठी खर्च करण्यात शहाणपण नाही. मात्र यंत्र अहोरात्र चालणार असेल, तर विजेचे देयकही हिशेबात धरावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९९१ च्या आणि २०२० च्या यंत्रांत ६४ हा आकडा पुन्हा भेटतो, तो निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे. 'परम ८०००' चे प्रोसेसर परकीय होते, परंतु त्यांना जोडून एकदिलाने काम करावयास लावण्याची विद्या पुण्यात घडली होती. आमचे कर्तृत्व त्या जोडणीत होते. आज चौसष्टांची ती जोडणी प्रोसेसरच्या पोटात गेली आहे. गाभ्यांचे आठ तुकडे आणि त्यांना सांधणारा नववा, अशी 'एपिक' ची रचना आहे. यंत्रा-यंत्रांना सांधण्याचे काम आजही आपल्याकडे होते. परंतु जोडणीच्या विद्येचा मोठा भाग चिप रचणाऱ्याच्या हाती गेला. जो चिप रचीत नाही, तो तेवढ्यापुरता केवळ ग्राहक उरतो.

म्हणूनच सी-डॅकचा 'वेगा', मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सर्व्हरसाठी सी-डॅकने हाती घेतलेला 'ऑम' या प्रयत्नांचे मोल मी त्यांच्या आजच्या वेगावरून करीत नाही. 'ऑम' चे गाभे ब्रिटनमधील आर्म कंपनीच्या आराखड्यावर आधारलेले आहेत, हे खरे; पण चिप रचण्याच्या कामात आपला हात त्यामुळे बसतो. १९९१ मध्ये नकारातून एक विद्या शिकलो. ती विद्या आता जेथे वस्तीस गेली आहे, तेथवर जाणे हे या शाळेच्या बाकांवर आज बसलेल्या मुलांचे काम आहे.