वाटाण्याचा सिनेमा

१९१२ साली मुंबईत एका माणसाने कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभर त्या रोपाचा पिच्छा पुरवला. माणूस आपल्या नाशिककडचा, १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. कॅमेरा विल्यमसन बनावटीचा, नुकताच लंडनहून आणलेला. यातून जी फिल्म निघाली तिचं नाव 'अंकुराची वाढ'. लांबी जेमतेम मिनिटभर.

रोज एक फ्रेम घेतली, असं ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणतात. जरा हिशेब करून बघा. मूकपटांच्या काळात फिल्म सेकंदाला साधारण १६ फ्रेमच्या वेगाने फिरवत. रोज एक म्हणजे महिन्याच्या झाल्या तीस. पडद्यावर दोन सेकंदही भरत नाहीत. वाटाणा दिसला म्हणेपर्यंत संपला! मिनिटभर चालवायची तर ९६० फ्रेम लागतात, म्हणजे दिवसाला ३२. उजेडाचे बारा-तेरा तास धरले तर दर पंचवीसेक मिनिटांनी उठायचं, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा बसायचं, आणि हे महिनाभर. सांगणाऱ्यांनी सोयीसाठी आकडा गोल केला असणार. मला हा बिनगोल आकडाच जास्त भावतो, कारण फाळक्यांना खरे किती कष्ट पडले असतील ते त्यातून कळतं.

आता हे लक्षात घ्या की फाळक्यांना वाटाण्याचा सिनेमा काढायचाच नव्हता. मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिल्यापासून त्यांना एकच ध्यास होता: असेच राम-कृष्ण पडद्यावर दिसले पाहिजेत. देशात हे कुणी केलेलं नव्हतं, शिकवणारा नव्हता, गाठीला पैसा नव्हता. सुरुवातीला त्यांनी या ध्येयाला सगळ्या बाजूंनी एकदम मिठी मारली. मिळेल ते पुस्तक वाचलं, मिळेल तो सिनेमा पाहिला, झोपेकडे दुर्लक्ष केलं आणि काही काळ दृष्टीच गमावून बसले. ती उपचारांनी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, लंडनची वारी झाली. परत आल्यावर भांडवलदारांपुढे जायचं तर हातात काय? नुसतं स्वप्न ऐकून कोण पैसे देणार?

म्हणून वाटाणा. त्याला मानधन नको, वेशभूषा नको, तो तालमीला उशिरा येत नाही. एका रोपाने तीन कामं केली: कॅमेरा चालतो का ते कळलं, आपला हात बसला का ते कळलं आणि कर्ज देणाऱ्यांना दाखवायला काहीतरी झालं. पैसे उभे राहिले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं किचकट कामही अंधारात बसून शिकून घेतलं. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. त्या काळच्या वेगाने मिनिटाला साठ फूट फिल्म लागते, म्हणजे वाटाण्याच्या साठपटीहून अधिक.

इथवरच्या गोष्टीवरून कुणीही म्हणेल की ध्येय लहान तुकड्यांत फोडा. अभ्यासिकांच्या भिंतींवर रंगीत पेनांनी आखलेली, पंधरा-पंधरा मिनिटांची वेळापत्रकं हेच तर सांगतात. गंमत पुढे आहे.

१९८१ साली मानसशास्त्राच्या एकाच नियतकालिकात दोन प्रयोग छापून आले. पहिला अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांचा. वजाबाकीत कच्ची असलेली, गणिताचं नाव काढताच कंटाळणारी लहान मुलं त्यांनी घेतली. सात बैठका, ४२ पानं. काही मुलांना सुचवलं, दर बैठकीला सहा पानं करायची बघा. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं संपवायची बघा. काहींना काहीच सांगितलं नाही. गणित तेच, वेळ तोच. सहा पानंवाली मुलं शेवटी वजाबाकीत इतरांच्या बरीच पुढे गेली आणि, हे मला अधिक नवलाचं वाटतं, नंतर कुणी न सांगता आपण होऊन गणितं सोडवायलाही तीच जास्त तयार होती. ४२ पानंवाल्यांची गत ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्याहून फारशी बरी नव्हती.

दुसरा प्रयोग किर्शेनबाउम आणि सहकाऱ्यांचा, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. काहींनी अभ्यासाचा आराखडा दिवसवार केला, काहींनी महिन्याचा ढोबळ. दिवसवारवाले जिंकणार असाच अंदाज होता. जिंकले महिनावाले, आणि चांगले ठळकपणे. दिवसाचं काटेकोर वेळापत्रक एका पाहुण्याने, एका तापाने, एका गेलेल्या विजेने मोडतं. मंगळवारचं राहिलं की बुधवार दुप्पट होतो आणि शुक्रवारी माणूस वहीच मिटतो. महिन्याच्या आराखड्यात एखादा मंगळवार खुशाल वाया जाऊ शकतो.

दोन्ही निकाल खरे कसे? मला वाटतं, वजाबाकीला घाबरणाऱ्या पोराला आपल्याला हे जमतं याचा पुरावाच कधी मिळालेला नसतो. सहा पानं संपली की तो मिळतो, पुन्हा पुढच्या बैठकीला मिळतो. कॉलेजात पोचलेल्याला पुरावा नको असतो, त्याला हवी असते मोकळीक. त्यामुळे ध्येय मोठं घ्यावं की छोटं, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. आपल्याकडे आत्ता कशाची टंचाई आहे, पुराव्याची की मोकळीकीची, ते आधी विचारायला हवं. उत्तर माणसागणिक वेगळं येतं आणि एकाच माणसाचंही बदलतं. फाळक्यांनी दुसरा वाटाणा लावला नाही. पुरावा मिळाला होता. पुढे त्यांनी वर्तमानपत्रात कलाकारांसाठी जाहिरात दिली, स्त्रिया येईनात तेव्हा उपाहारगृहातल्या स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, अडचणींप्रमाणे बेत वाकत गेला. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लावलं असतं तर तारामती नाही म्हणून सिनेमाच थांबला असता.

नाशिकमध्ये हल्ली ध्येयाची चर्चा ऐकायची तर सायकलवाल्यांत बसावं. महेंद्र आणि हितेंद्र हे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने आळीपाळीने सायकल चालवत पूर्ण करून आले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर. वाटेत पन्नासहून अधिक टाइम स्टेशनं असतात. सगळा खंड एकदम डोळ्यांसमोर आणायची गरज उरत नाही, पुढचं स्टेशन पुरतं.

पण मला त्याहून शहाणा वाटतो तो ब्रेव्हेचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा नियम. ही शर्यत नव्हे, कुणाचाच पहिला नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत; चारही एका हंगामात केलेल्याला सुपर रँडोनर म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे तपासणीच्या ठाण्याला, बंद व्हायची वेळ असते, ती चुकली की तुम्ही सहसा बाद. यात नवल नाही. नवल हे की कंट्रोलला उघडायचीही वेळ असते. पहिल्या दोनशे किलोमीटरांत ताशी चौतीसहून जास्त सरासरीने कुणी पोचलाच, तर कार्डावर शिक्का मिळत नाही. त्याने सायकल टेकवायची, पाणी प्यायचं आणि वेळ होईपर्यंत थांबायचं.