कोवळ्या ज्वारीतील विष

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी पेरली जाते ती भाकरीसाठी तितकीच कडब्यासाठीही, आणि ‘परभणी मोती’सारख्या वाणाची पारख करताना येथील कास्तकार दाण्याबरोबर वैरणीचाही हिशेब करतो, परंतु ज्या पिकावर दावणीची सारी भिस्त, त्याच पिकाचे कोवळे पान धडधाकट बैलाचा घटकाभरात प्राण घेऊ शकते.

या विषाचे मूळ असलेले ‘धुरिन’ हे द्रव्य डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी 1902 साली ज्वारीतून वेगळे केले. पान अभंग असेतो ते निरुपद्रवी असते, कारण धुरिन बाह्यत्वचेच्या पेशींत आणि त्याचे विघटन करणारे विकर आतील पेशींत, अशी निसर्गाने दोहोंची ताटातूट केलेली असते. जनावराच्या दाढेखाली पान चिरडले की दोहोंची गाठ पडून हायड्रोजन सायनाइड मुक्त होते, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव या क्रियेला हातभारच लावतात. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 2 मिलिग्रॅम एवढी मात्रा घातक ठरते; म्हणजे तीनशे किलोच्या बैलाला अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक विष पुरे.

पावसाने दीर्घ ओढ दिली, पीक गुडघाभर उंचीवर खुंटले, किंवा कापणीनंतर धसकटांना नवे फुटवे आले, की धुरिनाचे प्रमाण वाढते. आणि नेमक्या त्याच दिवसांत गंजीतला कडबा संपलेला असतो. अशा वेळी खुंटलेले पीक कापून जनावरापुढे टाकणाऱ्या माणसावर अज्ञानाचा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच्यापुढे दुसरी वैरणच नसते. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत थांबावे, हिरवा चारा नीट वाळवून मगच घालावा, हा सल्ला अचूक आहे. पण तो पाळता यावा म्हणून दुष्काळी साली वैरणीचा साठा तालुक्याच्या गावी आधीच तयार असला पाहिजे.

वाळवण्याने सायनाइड बहुतांशी निघून जाते, मात्र अवर्षणात ज्वारीत साठणारे नायट्रेट वाळल्यावरही तसेच राहते, आणि म्हणून पशुवैद्याला प्रथम रक्ताचा रंग पाहावा लागतो: सायनाइडने पेशींना प्राणवायू वापरता येत नाही, त्यामुळे रक्त लालभडक राहते, नायट्रेटच्या बाधेत ते काळपट तपकिरी होते. पहिल्या विकारात सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. दुसऱ्यात तेच नायट्राइट दिले, तर जनावर दगावते.