इतवारीतलं घर आणि एमसीबीची खोड

नागपूरच्या इतवारीत खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड अशी घरं अजून खूप आहेत. बऱ्याच ठिकाणी उतरायला एकच लाकडी जिना, त्याच्याखाली मीटर, आणि मीटरला टेकून रिकाम्या खोक्यांची थप्पी. मीटरपाशी आग लागली तर उतरायची वाटच बंद, म्हणून ती थप्पी आजच हलवा, बाकीचं नंतर वाचा.

आता खरा विषय. नवतपा लागला की कुलर, फ्रिज, एसी एकदम चालतात आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की वीज तोडणारी कळ, पडते. मग वायरमनला बोलावून १६ अँपिअरच्या जागी ३२ बसवून घ्यायची! एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते हो, आपली सोय बघायला नाही. करंट दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते. मोठी एमसीबी गप्प बसते, तार भिंतीत तापत राहते. एसीला स्वतंत्र लाईन ओढा. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावूच नका. प्लग गरम लागला, सॉकेट पिवळं-काळं पडलं, तर आत जोड सैल आहे असं समजा. शॉकपासून बचावासाठी आरसीसीबी वेगळी लागते. ती एमसीबीचं काम करत नाही.

गॅसचं थोडक्यात: एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ लावा.

आग लागली तर १०१. पत्ता सांगताना शहीद चौक, तीननल चौक अशी ठळक खूण द्या, आणि बंब गल्लीत शिरेल की नाही तेही तेव्हाच सांगा.