अर्जातील दहा जागा

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या नामांकित संस्थांचे दार बहुतांशी परीक्षेतील गुणांनी उघडते. मुलगी पेटी वाजवते की पोहते, याची चौकशी तेथे सहसा होत नाही. म्हणून अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांचा अर्ज समोर आला, की आपल्यापैकी पुष्कळ पालक गोंधळतात आणि मुलांना एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळवू लागतात. ही धावपळ कितपत आवश्यक आहे, याचा विचार आपण करू.

प्रथम या प्रथेचे मूळ पाहू. ते काही फारसे निर्मळ नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल यांसारख्या विद्यापीठांत गुणांच्या बळावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांना आवर घालण्यासाठी 'चारित्र्य' आणि 'नेतृत्व' या कसोट्या पुढे करण्यात आल्या. हेतू पुढे बदलला, पण कसोटी राहिली.

आज शेकडो महाविद्यालयांना चालणारा 'कॉमन ॲप्लिकेशन' हा सामाईक अर्ज घ्या. त्यात उपक्रमांसाठी दहा जागा असतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे, म्हणजे जेमतेम दोन ओळी. शिवाय तो उपक्रम कोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही विचारलेले असते. एमआयटी तर आपल्या स्वतंत्र अर्जात केवळ चारच उपक्रम मागते.

या प्रश्नांतच उत्तर दडलेले आहे. समजा, एका मुलाने दहा मंडळांत नाव घातले आणि प्रत्येकी आठवड्याला एक तास, असे दहा आठवडे दिले. बेरीज १०० तास. दुसऱ्याने एकाच वाचनालयात आठवड्याला पाच तास, वर्षाला चाळीस आठवडे, अशी तीन वर्षे काढली. बेरीज ६०० तास. शिवाय पुस्तकांची नवी यादी त्याने केली आणि लहान मुलांची वाचनाची बैठकही सुरू केली. पहिल्याच्या दहाही जागा भरल्या. पण सांगण्यासारखे काही दुसऱ्यापाशीच आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची. याच अर्जात घरची जबाबदारी आणि पगारी काम यांनाही उपक्रमांत स्थान आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजीची शुश्रूषा करणारी किंवा वडिलांच्या दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी 'मी काहीच केले नाही' असे म्हणते, आणि आपणही संकोचाने गप्प बसतो. तसे करू नये. ते काम तासांसह लिहावे.

खोटे मात्र लिहू नये. न खेळलेल्या खेळांत मुलांना प्रवीण ठरवून प्रवेश मिळवल्याचे प्रकरण अमेरिकेत २०१९ साली उघडकीस आले आणि अनेक पालकांना तुरुंगवास घडला.

मग निवड कशी करावी? आमची कसोटी साधी आहे. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरांतले तीन-चारच अर्ज स्वीकारले जातात. उरलेल्यांना नकार येतो. तो आपल्या घरी आला, तर ही तीन-चार वर्षे वाया गेली, असे मुलाला वाटेल काय? ज्या कामाबद्दल त्याचे उत्तर 'नाही' असे येईल, तेच काम त्याला करू द्यावे. अर्ज त्यानंतर लिहावा.