लेकरू रडलं तर तिला कळणार कसं?

‘अहो, तिला ऐकू येत नाही. लेकरू रडलं तर तिला कळणार कसं?’ वाशीम जिल्ह्यात अंगणवाडीच्या मदतनिसाचा, पाळणाघराचा किंवा घरी लेकरू सांभाळायला बाई ठेवण्याचा विषय निघाला आणि एखाद्या कर्णबधिर बाईचं नाव पुढे आलं, की हे वाक्य येतंच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण तेवढ्यावर विषय मिटतो आणि त्या बाईला एका शब्दाने कुणी विचारत नाही. याच बाईने स्वतःची लेकरं लहानाची मोठी केलेली असली, तरी ते कुणाच्या हिशेबात येत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आधी रडण्याचंच पाहू. भुकेलं बाळ एकदम रडत नाही. ते चुळबुळतं, मूठ तोंडात घालतं, मान इकडेतिकडे वळवून दूध शोधतं आणि मग रडतं. रडणं ही भुकेची उशिराची खूण आहे, असं बालरोगतज्ज्ञ नव्या आयांना मुद्दाम सांगतात. ज्या बाईची नजर बाळावर आहे, ती रडण्याच्या आधीच उठते. बाळ झोपलेलं असेल तर झोळीची दोरी मनगटाला गुंडाळायची. आत हालचाल झाली की हाताला कळतं. रडण्याच्या आवाजाने दिव्याची उघडझाप करणारी किंवा मनगटावर थरथरणारी उपकरणंही मिळतात. आपल्याकडे वीज जाते तेव्हाही दोरी चालू राहते, म्हणून माझा भर दोरीवर.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. लहान लेकरावर क्षणात येणारी सगळ्यात वाईट संकटं आवाज न करता येतात.

शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका किंवा अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनचा दाणा श्वासनलिकेत गेला आणि वाट पूर्ण बंद झाली, तर लेकराला ओरडता येत नाही. आवाज निघायला हवा लागते आणि तीच अडलेली असते. जे लेकरू जोरात खोकतंय, रडतंय, त्याची थोडी तरी वाट मोकळी आहे. जे गप्प झालंय आणि निळं पडतंय, ते मरणाच्या दारात आहे. ते कानाला कधीच कळणार नाही, डोळ्यांना कळेल.

बुडण्याचंही तेच. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो. खरं बुडणारं लेकरू तोंड पाण्यावर आणायच्या धडपडीत असतं, हाक मारायला त्याच्याकडे श्वासच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. आपल्या शिवारात विहिरी आहेत, हौद आहेत आणि आता प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्या गुळगुळीत उतारावरून घसरलेलं पोर परत वर चढू शकत नाही. तिथे कान तिखट असून काय उपयोग? आत भाकरी थापत, टीव्ही लावून, ‘आवाज नाही म्हणजे खेळतंय’ असं धरून चालणारा, ऐकू येणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो.

नजरेबद्दल संशोधनही आहे. डाफ्ने बॅव्हेलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणापासून बहिऱ्या, खुणांची भाषा बोलणाऱ्या माणसांवर काम केलं. त्यांची दृष्टी काही आपल्याहून तीक्ष्ण नसते. पण समोर बघत असताना कडेला काही हललं, तर तिकडे त्यांचं लक्ष अधिक चटकन जातं. पाच-सहा पोरांवर नजर ठेवणाऱ्या बाईला दुसरं काय हवं?

ही भीती इतकी घट्ट का बसली, त्यात सिनेमाचाही वाटा असावा. १९७२ च्या गुलजारांच्या ‘कोशिश’मध्ये पावसाच्या रात्री बाळ बाहेर रडत राहतं, आईवडिलांना ऐकू येत नाही आणि ते दगावतं. ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच आईबापांनी पुढे दुसरा मुलगा नीट वाढवला, हे विसरलं गेलं.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करून बोलावं लागतं, म्हणून हाकेच्या अंतरावर ऐकणारं कुणीतरी हवंच. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात, तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो. जागा एका नजरेत येणारी हवी, मधे कपाटं नकोत, बाईची बसायची जागा दाराकडे तोंड करून हवी, दाराला वर कडी हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेने नोकरीत भेदभाव करायचा नाही आणि अशा वाजवी सोयी करून द्यायच्या, हे बंधन आहे. ती मेहेरबानी नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही कामावर बायांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं आली, तर त्यांतल्या एकीला ती सांभाळायला बसवावं आणि तिला मजुरी द्यावी, असं लिहिलं होतं. ती बाई ऐकणारीच असावी, असं कुठे लिहिलं होतं?

दुसरी शंका: तिच्याजवळ राहून लेकरू उशिरा बोलेल. घरी आई, आजी, भावंडं बोलतातच. २००१ मध्ये लॉरा-ॲन पेटिटो यांच्या गटाने कॅनडात खुणांची भाषा आणि फ्रेंच एकत्र शिकणाऱ्या, ऐकू येणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे पहिले शब्द वेळेवरच आले होते.

आणखीही काही चुकीचे समज आहेत. बहिरेपण संगतीने लागत नाही. बहिरी बाई मुकी असतेच असं नाही. तिचा गळा शाबूत असतो. कानाचं मशीन लावलं की सगळं स्वच्छ ऐकू येतं, हेही खरं नाही. गोंगाटात तर मुळीच नाही. आणि ओठांवरून तिला सगळं कळतं, हे तर साफ चूक. आरशासमोर उभं राहून ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून बघा, ओठ तिन्हींना सारखेच मिटतात.

म्हणून लेकराला औषध द्यायचं सांगताना मोठ्याने ओरडू नका. समोर उभं राहा, उजेड तोंडावर येऊ द्या, बाटली हातात घेऊन झाकणात किती ओतायचं ते दाखवा. तिला वाचता येत असेल तर वेळ लिहून द्या. शाळेत जायलाच मिळालं नसेल, तर कागदावर सूर्य आणि चंद्र काढा, त्यांच्यापुढे जितक्या वेळा द्यायचं तितके टिपके द्या आणि तिच्याकडून एकदा करून घ्या.